‘धूळ’ हे निदान नव्हे



सोयाबीनची मळणी सुरू झाली की दोन गोष्टी हमखास दिसतात. हडंब्यामागं उभा असलेला माणूस तोंडाला उपरणं बांधून शिंकत असतो, आणि मोबाइलवर ‘एका रक्ताच्या नमुन्यात शे-दोनशे गोष्टींची ॲलर्जी तपासा’ अशा जाहिराती फिरायला लागतात. पहिल्याला दुसऱ्याची गरज आहे असं वरवर वाटतं. माझं मत जरा वेगळं आहे.

शेतकऱ्यानं हवेतून होणाऱ्या त्रासाची तपासणी जरूर करावी. आपण ती करतच नाही, हीच खरी अडचण आहे. पण तपासणी म्हणजे सगळं एकदम तपासून टाकणं नव्हे. आपण ज्याला सरसकट ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणतो, त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. प्रत्येकाची तपासणी वेगळी, औषधही वेगळं. तपासणी चुकली तर माणूस वर्षानुवर्षं चुकीचं औषध घेत राहतो.

माती परीक्षणाचंच घ्या. बांधाकडेची, शेणखताच्या ढिगाखालची माती पिशवीत भरून पाठवली, तर प्रयोगशाळा अहवाल देणारच. आकडेही बरोबर असतील, पण ते तुमच्या शेताचे नसतील. आणि पुढं ऊस घ्यायचाय का हरभरा, हे ठरलं नसेल तर त्या आकड्यांवरून खताचा डोस कसा काढणार? ॲलर्जीच्या तपासणीचं तसंच आहे. त्रास काय, कधी, कुठं, किती वेळानं, हे आधी ठरलं पाहिजे. मग तपासणी.

एकच गवत, दोन आजार

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. भारतातली त्याची गाजलेली नोंद पुण्यातली, १९५६ साली प्रसिद्ध झालेली. त्यानंतर ते कुठं कुठं पसरलं हे सांगायची गरज नाही. रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात, सगळीकडं आहे. एक झाड २५,००० पर्यंत बी टाकू शकतं.

या गवतापासून माणसाला दोन तऱ्हेचे त्रास होतात, आणि लोक ते एकच समजतात.

पहिला त्रास नाकाचा आणि छातीचा. परागकण नाकात गेले की काही मिनिटांत शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, आणि ज्याला दमा आहे त्याला दम लागणं. यात शरीरातली आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात.

दुसरा त्रास कातडीचा. पापण्या, चेहरा, मान, गळ्याखालचा उघडा भाग, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या इथं खाज सुटते, कातडी जाड आणि काळपट होते. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर येऊन अंगावर बसतो, त्यातलं पार्थेनिन नावाचं रसायन हे करतं. इथं आयजीईचा मुख्य संबंध नाही. शरीराच्या पेशी हळूहळू, दोन-तीन दिवसांनी प्रतिसाद देतात. पुण्याचे डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी या त्वचारोगाबद्दल १९७४ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे ही काही नवी माहिती नाही. ती बांधापर्यंत पोचली नाही, एवढंच.

आता तपासणी बघा. पहिल्या त्रासासाठी टोचणी चाचणी, डॉक्टर तिला प्रिक टेस्ट म्हणतात. तिचा निकाल १५ ते २० मिनिटांत. दुसऱ्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवायची पॅच टेस्ट. पट्ट्या ४८ तासांनी काढायच्या, आणि परत एकदा ७२ ते ९६ तासांनी पाठ दाखवायची.

कातडीच्या त्रासाचा माणूस टोचणी चाचणी करून आला आणि ती कोरी निघाली, तर तो घरी काय सांगतो? ‘मला गवताची ॲलर्जी नाही, डॉक्टरनं लिहून दिलंय.’ आणि दुसऱ्या दिवशी उघड्या हातांनी गवत उपटायला जातो. अहवाल खरा होता, पण प्रश्न दुसराच विचारला होता.

शेवंती किंवा सूर्यफूल करणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. ही गाजर गवताच्याच कुळातली पिकं. गवतामुळं कातडी बिघडलेल्या काही जणांना या पिकांचाही त्रास होतो. फुलं तोडताना हात-तोंड खाजत असेल तर फवारणीच्या औषधाला दोष द्यायच्या आधी पॅच टेस्टचा विचार करा.

टोचणी चाचणीत नक्की काय होतं

बरेच जण सुयांच्या भीतीनं जात नाहीत. प्रत्यक्षात फार काही नसतं. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि त्या थेंबातून कातडीला बारीकसं टोचतात. रक्त येत नाही. सोबत दोन थेंब पडताळणीचे असतात. एक हिस्टामिनचा, तो फुगायलाच पाहिजे. दुसरा साध्या खारट पाण्याचा, तो फुगता कामा नये. आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटशेजारी जसा कंट्रोल प्लॉट ठेवतात, तसंच हे. पाण्याच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त गांधी उठली तर चाचणी सकारात्मक धरतात.

जाण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. सेट्रिझिनसारखी सर्दी-खाजेची गोळी चालू असेल तर गांधी उठतच नाही, आणि चाचणी खोटी कोरी येते. ती गोळी साधारण पाच ते सात दिवस आधी, डॉक्टरला विचारून, थांबवावी लागते. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. दमा उसळलेला असताना ही चाचणी करत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या, कारण बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असेल तर डॉक्टरला ते आधी कळायला हवं. आणि चाचणी अशा ठिकाणीच करा जिथं डॉक्टर हजर आहे आणि ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी आहे. गंभीर प्रतिक्रिया फार क्वचित येते, पण आली तर वेळ थोडा असतो. मंगल कार्यालयातल्या शिबिरात खुर्चीवर बसवून टोचणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा.

सकारात्मक म्हणजे आजारी नव्हे

माझा सगळ्यात जास्त आक्षेप इथं आहे. टोचणी असो वा रक्त, चाचणी एवढंच सांगते की शरीर त्या गोष्टीला ओळखतं. त्या गोष्टीनं तुम्हाला त्रास होतोच, असं ती सांगत नाही. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांची चाचणी कशाला ना कशाला तरी सकारात्मक येते. म्हणून शंभर गोष्टी तपासल्या की पाच-सात ठिकाणी खूण येणारच, आणि मग त्या पाच-सात गोष्टी माणूस आयुष्यभर टाळत बसतो.

‘टोटल आयजीई’ या एका आकड्यावर तर गावाकडं अजिबात जाऊ नका. पोटात जंत असले तरी हा आकडा वाढतो. अनवाणी रानात राबणाऱ्या माणसाचा आकडा कशामुळं वाढलाय, हे नुसत्या कागदावरून कोण सांगणार? काही ठरावीक आजारांत हा आकडा डॉक्टरला उपयोगी पडतो, उदाहरणार्थ दम्याच्या रोग्याच्या छातीत ॲस्परजिलस बुरशीमुळं होणाऱ्या आजारात. पण ‘आकडा जास्त, म्हणजे तुम्हाला ॲलर्जी, म्हणजे हे औषध घ्या’ ही साखळी चुकीची आहे.

एकेका पदार्थाची वेगळी रक्ततपासणी असते, ती मात्र कामाची आहे. कातडी फार खराब असेल, गोळी थांबवता येत नसेल, तर टोचणीऐवजी ती करता येते. पण तीही निवडक गोष्टींची.

माझ्या ओळखीच्या एका माणसाचं सांगतो. खोकला आणि दम, म्हणून त्यानं अशीच एक मोठी रक्ततपासणी केली. अहवालात गाईच्या नावापुढं खूण आली. घरच्यांनी धसका घेतला आणि दोन दुभत्या गाई विकल्या. दुधाचा पगार बंद झाला, खोकला मात्र तसाच. पुढं छातीच्या डॉक्टरनं एक साधा प्रश्न विचारला, ‘त्रास किती वाजता सुरू होतो?’ दुपारी शेळ्यांसाठी खोलीतलं भुसकट काढलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि छाती भरल्यासारखी. ते भुसकट पावसात भिजून आतून तापलेलं आणि बुरशी धरलेलं होतं. गाईचा काही संबंध नव्हता. गाई गेल्या त्या गेल्याच.

ॲलर्जीच्या चाचणीत न सापडणारे आजार

वरच्या आजाराला इंग्रजीत शेतकऱ्याचंच नाव आहे, ‘फार्मर्स लंग’. ओलसर चारा, भुसकट, पेंढा आत तापला की त्यात उष्णता सहन करणारे सूक्ष्मजीव आणि बुरशी वाढते. ढीग उपसताना ती छातीत जाते. त्रास लगेच होत नाही, साधारण चार ते आठ तासांनी होतो. म्हणून माणूस त्याचा संबंध ढिगाशी लावतच नाही, ‘हवामान बदललं’ म्हणतो. उसाच्या जुन्या, कुजलेल्या बगॅसमुळंही असाच आजार होतो. हा आजार आयजीईचा नाही. टोचणी चाचणी इथं काहीच सांगणार नाही. इथं लागते ती फुफ्फुसाची तपासणी आणि छातीचा सिटी स्कॅन. दुर्लक्ष झालं तर फुफ्फुस कायमचं कडक होतं, आणि मग त्याला मागं आणता येत नाही.

जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. सुट्टी घेऊन कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. त्यालाही ॲलर्जीची चाचणी लागू पडत नाही.

आणि काही त्रास हा मुळात ॲलर्जीच नसतो. ज्वारी-बाजरीची कूस अंगाला लागली तर कोणालाही खाजणारच. हरभऱ्याची आंब हाताला चुरचुरणारच. त्यासाठी तपासणी नको, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम झाल्यावर अंघोळ पुरे.

म्हणून दम लागणाऱ्या प्रत्येकानं ॲलर्जीच्या आधी एक तपासणी करावी असं मला वाटतं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरानं फुंकायची चाचणी. आधी एकदा फुंकायचं, मग पंपाचं औषध घेऊन थोड्या वेळानं परत. दोन्हींतल्या फरकावरून दमा आहे का, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीच्या विभागात ही सोय असते, आणि त्वचा विभागात पॅच टेस्टची. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या पॅच टेस्टच्या संचात गाजर गवत मुद्दाम घातलेलं आहे. आपल्याला हवी ती तपासणी हीच.

यात पणाला काय लागलंय

कोण म्हणेल, एवढं कशाला? शिंक आली, गोळी घेतली, झालं. पण गावात प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. दर हंगामाला एक ‘ताकदीचं’ इंजेक्शन. दोन दिवसांत कातडी साफ, दम गायब, माणूस खूश. ते बहुतेक वेळा लांब असर राहणारं स्टिरॉइड असतं. ते हंगामामागून हंगाम चालू राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजाराला, योग्य मात्रेत ते जीव वाचवतं. पण निदानाच्या जागी ते द्यायचं नसतं.

दुसरीकडं, काही जणांना ॲलर्जीची लस देतात. थोडी थोडी मात्रा वाढवत, साधारण तीन ते पाच वर्षं. योग्य रुग्णाला तिचा फायदा होतो. पण ती कशाची द्यायची हे चाचणीवरून आणि रुग्णाच्या सांगण्यावरून ठरतं. पहिलंच पाऊल चुकलं तर पाच वर्षांचा पैसा आणि फेऱ्या पाण्यात.

आधी वही, मग टोचणी

फवारणीची वही ठेवतो तशी त्रासाची वही महिनाभर ठेवा. रोज दोन ओळी पुरेत.

– आज काय काम केलं: खुरपणी, मळणी, भुसकट भरणं, कांदा चाळ, कुक्कुटपालन शेड, का घरीच होतो.
– त्रास किती वाजता सुरू झाला, कामानंतर किती वेळानं.
– कुठं: नाक, डोळे, छाती, का कातडी. ताप होता का.
– आजूबाजूला फुलोऱ्यात काय होतं: ज्वारी, मका, बाजरी, गाजर गवत, वेडी बाभूळ, वावळ.
– दोन दिवस पाहुण्याकडं गेल्यावर बरं वाटलं का.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कारण बऱ्याच जणांचा त्रास रानातला नसून घरातला निघतो. ओल आलेली भिंत, न वाळवलेली गादी, वाकळ, गोधडी, यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळी असतात, डॉक्टर त्यांना माइट म्हणतात. पहाटे उठल्या उठल्या शिंकांची माळ लागत असेल तर संशय आधी अंथरुणावर घ्या, शेतावर नंतर.

ही वही घेऊन डॉक्टरकडं गेलात तर शंभर गोष्टींऐवजी आठ-दहा तपासून काम भागतं. आणि हो, कोणत्या गोष्टींचे अर्क आहेत ते विचारा. यादीत तिकडच्या देशांतली झाडं भरपूर आणि गाजर गवत, ज्वारी, मका, बुरशी, माइट, झुरळ यांचा पत्ता नसेल, तर ती यादी आपल्या कामाची नाही.

कृषी मित्रांना एक विनंती

या पानावर कृषी विद्यापीठाचे, कृषी विज्ञान केंद्राचे बरेच लोक वाचायला असतात, म्हणून हे खास तुमच्यासाठी. हवेतले परागकण मोजायला आज दवाखान्यांकडून वापरलं जाणारं यंत्र मुळात पिकाच्या रोगांसाठी तयार झालं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात हर्स्ट यांनी १९५२ साली ते मांडलं. आपल्याकडं त्याच्याही आधी के. सी. मेहता यांनी गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू डोंगरातून मैदानात हवेतून कसे येतात याचा माग काढला होता. म्हणजे हवेत काय उडतंय हे बघायची विद्या मुळात तुमच्याच घरची.

कांद्यावर जांभळा करपा पाडणाऱ्या अल्टरनेरियाची भाऊबंद बुरशी माणसाच्या दम्यालाही कारणीभूत होते. तुम्ही करप्याचा इशारा देता, तेव्हा त्याच इशाऱ्यात ‘दमा असलेल्यांनी मळणीच्या मागं उभं राहू नये’ ही एक ओळ का घालू नये? आपल्या तालुक्यात कोणतं पीक, कोणतं तण कधी फुलोऱ्यात येतं, याची बारा महिन्यांची एक पानाची यादी करून ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरला दिली, तर त्याचं अर्धं काम सोपं होईल. डॉक्टरला माणूस कळतो, पण रानातलं तण कळेलच असं नाही. तुम्हाला तण कळतं.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जनजागृती सप्ताह असतो. त्यात गवत उपटून फोटो काढण्यासोबत त्वचेच्या डॉक्टरला बोलवून पॅच टेस्ट कोणाला लागेल एवढं जरी सांगितलं, तरी तो सप्ताह सत्कारणी लागेल. मेक्सिकन भुंगा तुमच्याकडून आम्ही नेतोच. १९८४ साली तो भारतात सोडला गेला, आणि पावसाळ्यात तो चांगलं काम करतो. पण भुंगा गवत खातो, खाज घालवत नाही.

तोवर काय करायचं

तपासणीला वेळ लागेल, मळणी थांबणार नाही. हडंबा लावताना वाऱ्याची दिशा बघा आणि माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करा. उपरणं खडा अडवतं, बुरशीची पूड नाही. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. भुसकट पूर्ण वाळल्याशिवाय गंज लावू नका, भिजलेला थर वेगळा काढा. गाजर गवत फुलायच्या आधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटा. ज्याची कातडी आधीच बिघडलीय त्यानं ते काम दुसऱ्याला द्यावं. संध्याकाळी अंघोळ करून कामाचे कपडे घराबाहेरच ठेवा. हे सगळं केल्यावरही दम लागत असेल, रात्री झोप मोडत असेल, तर रब्बीची पेरणी उरकायची वाट बघू नका.

पाठीवरच्या पट्ट्यांसाठी तीन चकरा होतील. मधले दिवस पाठ कोरडी ठेवायची, घाम येईल असं काम नाही. मजुरी बुडते, मान्य आहे. म्हणून मळणी आणि पेरणीच्या मधला आठवडा त्यासाठी धरा. बैलाच्या पायात काटा गेला तर आपण कुठं गेलाय ते आधी बघतो, सगळा पाय चिरत नाही. स्वतःच्या छातीबद्दल एवढी तरी काळजी घेऊ.

तुमच्या भागात सध्या काय फुलोऱ्यात आहे आणि मळणीला त्रास कोणाला, कसा होतोय, ते जरूर लिहा. सगळ्यांच्या नोंदी जमल्या तर आपल्या तालुक्याची यादी आपणच सुरू करू.